उत्तर

पिक्रियाच्या अंगणातली तोने,
रोट्यांची भट्टी, अर्धी जमिनीत पुरलेल्या रांजणासारखी,
भूकंपापासून एका कुशीवर कललेली.
आत आता कोंबडी बसते अंड्यांवर.
कोंबडी उठेपर्यंत थांबलो,
मग ढग सरेपर्यंत,
कारण होकायंत्र इथे कामाचं नाही.
भाजल्या मातीशेजारी नेलं की सुईच
मान वळवून तिच्याकडे बघत बसते.
आम्ही काडीची सावली मोजून दिशा लावतो.

"माझ्या मातीत लोखंड?"
आहे, म्हटलं, पिठातल्या मिठाहूनही कमी.
काळं, डोळ्यांना न दिसणारं,
रिओनी नदीने डोंगर झिजवून आणलेलं मॅग्नेटाइट.
तुमच्या मातीत, शेजारच्या नोदारच्या मातीत,
कबरींवरच्यासुद्धा.
तापत तापत पाचशे ऐंशीच्या वर गेलं
की सगळं विसरतं.
आणि रात्री, रोट्या निघून गेल्यावर,
निखाऱ्यांकडे कुणाचं लक्ष नसताना,
निवता निवता
पृथ्वी ओढेल तिकडे तोंड करून
कण न् कण झोपी जातो.
मग कूस बदलत नाही. हजार वर्षं.

"म्हणजे पुरुषांसारखं नाही,"
पिक्रिया म्हणाली, आणि कोंबडीला हुसकलं.

फॉर्मवर रकाना असतो: शेवटची पेटवली कधी?
"बादरी पोतीच्या बंदरातून बोटीवर गेला, त्या शरदात.
बहिणीचं लग्न. बावन्न शोती, प्रत्येक होडीएवढी लांब,
नोदारची बायको अजून सांगते.
पुढे कुणासाठी पेटवायची?"
आणि भूकंपानंतर?
"काडीसुद्धा नाही."
ती पाणी आणायला उठली. माझा पेला भरलेलाच होता.
मी लिहिलं: भूकंपापूर्वी.

तिबिलिसीत आमच्या तळघरात एक खोली आहे
जिच्यात पृथ्वीला मज्जाव.
तिथे साखरेच्या खड्याएवढे तुकडे मांडतो.
वाचायची आमची रीत निर्दय:
थोडं तापवायचं, थोडं पुसायचं, उरलेलं मोजायचं.
शंभर. दोनशे. अडीचशे.
वाचून होतं तेव्हा
वाचण्यासारखं काही उरलेलं नसतं.

सातव्या तुकड्यात बाण दोन निघाले.
पाचशे ऐंशीपर्यंतचा मोठा, तिरका,
भट्टी कलली नेमका तेवढाच तिरका.
ते लग्न. त्या बावन्न शोती.
पण त्याच्या आधी, तीनशे दहापर्यंत,
एक लहान बाण, सरळ,
आजच्या उत्तरेकडे.

म्हणजे भट्टी कलल्यावर
आणि कोंबडी येण्याआधी
आत कुणीतरी जाळ केला होता.
थोडाच. रोटी चिकटणार नाही इतका.
दीडशेपर्यंत असता तर सोडून दिलं असतं;
नुसतं पडून राहूनही माती जराशी वळते,
आपणही वळतोच.
पण तीनशेला काहीतरी जाळावं लागतं.

किती सरपण, म्हणून गणित मांडलं.
मग, सरपण नसेल तर किती कागद,
किंवा खुंटीवरचा एखादा कोट.
मग पेन्सिल ठेवून दिली.
रकान्यातलं खोडलं नाही.
तळटीप घातली: नमुना सात, दुय्यम घटक, कारण अज्ञात.
खालच्या सहीखाली तारीख घालायची राहिली,
साहेबांनी ती नंतर विचारलीच.

नोव्हेंबरात गावच्या गाडीवाल्याकडून पिशवी आली,
घेवडा, अक्रोड,
आणि पिठाचा हात लागलेली चिठ्ठी:
"पिल्लं नऊ. मातीचं उत्तर आलं का?"

आलं, मी लिहिलं.
उत्तर सरळ आहे.
आणि तो सातवा तुकडा,
ज्याला आता काही म्हणजे काही आठवत नाही,
कागदात गुंडाळून
त्याच पिशवीत परत पाठवला.